गरुडनौका परत आली ते वर्ष

आमच्या अनुजाचं लग्न झालं ते २००२ साल. अनुजा ही माझा धाकटा भाऊ आकाराम याची मुलगी. लग्न कोल्हापूरजवळ आमच्या गावी, गडमुडशिंगीला, दारातच मांडव घालून केलं. त्याच मांडवात, जेवणाच्या पंगतीत, पहिलं रक्त सांडलं.

कारण ऐकून बाहेरचा माणूस हसेल. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या उगवता तारा मंडळाचा राजवीर, इंजिनिअरिंगला शिकणारा पोरगा, जेवता जेवता म्हणाला, "आवंदा गणपतीत गरुडनौका परत आणतोय."

गरुडनौका म्हणजे त्या मंडळाचा जिवंत देखावा. दरसाल पुढचा भाग. आकाशात फिरणारं जहाज, त्याचा कप्तान रणधीर, आणि पृथ्वी गिळायला टपलेला लोखंडी तोंडाचा लोहमुख. आकाराम एरवी गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचा, पण गणपतीत तो कप्तान असायचा. माणसं ट्रॅक्टर भरभरून बघायला यायची. मग १९९५ साली मंडळ लाईटच्या देखाव्यांकडे वळलं आणि गोष्ट अर्ध्यावर थांबली. लोहमुखानं जहाज काळ्या ढगात ओढून नेलं होतं. कप्तान सुटला की मेला, यावर आमच्या पारावर सात वर्षं भांडणं चालली होती.

"नवी पोरं वाटोळं करणार बगा," शेजारचा केरबा म्हणाला. गरुडनौकेचा त्याच्याइतका वेडा दुसरा कुणी नव्हता. थोरल्या पोराचं नाव त्यानं रणधीर ठेवलं होतं.

"तू म्हशीच्या धारा काढ की," पंगतीत समोर बसलेला गावातलाच दादासो म्हणाला. "नवं काय तरी पायजेच. तुझा कप्तान आता म्हातारा झाला."

केरबानं वाढप्याच्या हातातला आमटीचा डाव हिसकावला आणि दादासोच्या कपाळावर घातला. भुवई फाटली. दादासोनं ताट उचलून त्याच्या तोंडावर मारलं आणि केरबाचे पुढचे दात भातात पडले. आकारामनं दोघांना मानगूट धरून मांडवाबाहेर काढलं.

"माझ्या पोरीचं लगीन हाय, सुक्काळीच्यांनो!"

पावसाळ्यात राजवीर नवी गोष्ट घेऊन आकारामच्या घरी आला. लोहमुख गुडघे टेकतो, मुखवटा काढतो आणि आत कप्तान रणधीर, म्हणजे आकारामच, निघतो. आधी लोकांचा श्वास अडकवायचा, मग कप्तान सांगणार, की शत्रूच्या गडाला आतून आग लावायला त्यानं हे सोंग घेतलंय.

आकारामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माणसं तेवढी थांबत्यात का रं?"

"थांबतील की काका. दोन वाक्यांचा तर प्रश्न हाय."

आकारामला काळजी होती ती आमच्याकडच्या एका रीतीची. गणपतीत मक्याची कणसं आलेली असतात. माणसं भाजलेलं कणीस खात उभी राहायची, खाल्ल्यावर उरलेलं बुरकुंड जपून ठेवायची आणि लोहमुख आला की त्याच्यावर भिरकावायची. म्हणून लोहमुखाचं काम करणारा अंगात कापसाची बंडी घालायचा, आणि मुखवटा म्हणजे पत्रा ठोकलेलं मोटारसायकलचं हेल्मेट. देखाव्यातलं बोलणं सगळं आधी टेपवर भरलेलं असतं. नट फक्त ओठ हलवतो. लोकांनी दंगा केला म्हणून टेप पुढचं वाक्य लवकर बोलत नाही.

"मग नगं म्हण," मी सांगितलं.

"आक्का, लोकांस्नी पटलं तर ही पोरं फुडं चालवतील. न्हाय पटलं तर गरुडनौका कायमची मेली. मी नगं म्हणून कसं चालंल?"

ऑगस्टमध्ये राजवीरला कॉलेजच्या रस्त्यावर चौघांनी गाठलं आणि सायकलच्या चेननं पाठ फोडली. "कप्तानाला मारलास तर तुला मारू," एवढंच बोलून ते गेले. पोरानं गोष्ट बदलली नाही.

देखाव्याच्या दिवशी आमच्या गावचा ट्रॅक्टर केरबानंच चालवत नेला. मी बायकांच्या रांगेत पुढे बसले. गर्दी पार कोपऱ्यापर्यंत. जहाज धुरातून वर आलं तेव्हा केरबा लहान पोरासारखा रडत होता. मग लोहमुख आला.

"हाणा रं!" केरबा ओरडला आणि बुरकुंडांचा पाऊस पडला. पत्र्यावर टणाटण आवाज. माणसं खुशीत होती.

लोहमुखानं गुडघे टेकले. मुखवटा काढून बाजूला ठेवला.

उगारलेले हात तसेच राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर कप्तान."

"फितूर? आमचा रणधीर फितूर?"

टेपवर नुसतं संगीत चाललं होतं. बुरकुंडं पुन्हा आली, या वेळी उघड्या तोंडावर. मग खडी. मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे बुजवायला आणलेला ढीग तिथंच कडेला होता. पहिला दगड खांद्यावर बसला, दुसऱ्यानं गाल फाटला.

"काका, आत या!" पडद्याआडून राजवीर ओरडला. मीही ओरडले, "आक्या, ऊठ तिथनं!"

त्यानं आमच्याकडं तळहात केला. थांबा. रक्त हनुवटीवरून बंडीच्या कापसात उतरत होतं आणि तो आपल्या वाक्याची वाट बघत गुडघ्यांवर बसला होता.

केरबा उडी मारून वर चढला. हेल्मेट उचलून आकारामच्या डोक्यात कोंबायला लागला. "घाल! घाल परत! तू न्हवंसच त्यो!"

आकारामनं ते ढकललं. केरबानं त्याच हेल्मेटनं त्याच्या कानशिलावर मारलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पत्र्याची कड आत रुतली. आकाराम आडवा झाला आणि तेव्हा टेप त्याच्या आवाजात बोलला.

"मी फितूर नाही. लोहमुखाचा गड जाळायचा, तर मला लोहमुखच व्हावं लागलं."

गर्दीत किती जणांनी ऐकलं कुणास ठाऊक. तिकडं दगड चालूच होते, पोलिसांच्या काठ्याही सुरू झाल्या होत्या. केरबानं मात्र ऐकलं. तो खाली बसला, आकारामचं डोकं मांडीवर घेतलं आणि हातानं रक्त दाबायला लागला.

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय, आक्का?" तो मला म्हणाला. "एवढंच हुतं तर आदी सांगायचं न्हाय व्हय?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं तोंड चुकवलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळानं पुन्हा लाईटचा देखावा केला. राजवीर पुण्याला गेला तो गेलाच. केरबाला जन्मठेप झाली आणि तो २००६ च्या मे महिन्यात तुरुंगात काविळीनं वारला. माझा भाऊ आकाराम शुद्धीवर आला नाही. १९ सप्टेंबर २००२ रोजी, गुरुवारी सकाळी, तो दवाखान्यात वारला.