मी सदुसष्ट टक्क्यांवर अडकतो तेव्हा

मला काय ओरडताय? ऐका तरी. टीव्हीखालच्या फळीवरून मी काळा खोका बोलतोय. कागदोपत्री मी गेम खेळायचं यंत्र, पण घरात मला ‘ठोंब्या’ म्हणतात.

कारखान्यात जन्मलो तेव्हा कुणी गोंजारलं नाही. पोटात एक पंखा आणि एकच शिकवण घालून झाकण बंद केलं. नवा गेम आला की डिस्कवरचा सगळा माल आधी पोटात उतरवायचा, नग न् नग तपासायचा, मगच दार उघडायचं. लोक त्याला ‘इन्स्टॉल’ म्हणतात आणि कपाळाला हात लावतात.

माझा मालक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. एका भिंगामागे तासभर मान न हलवणारा हा बाप्या घरी माझ्यापुढे दोन मिनिटं दम धरत नाही.

त्याचं लग्न झालं. सूनबाई आली ती स्वतःची पांढरी घेऊन. पांढरी म्हणजे दुसऱ्या कंपनीची, माझी जन्माची वैरीण. फळी एवढीशी, जागा एकाचीच. आठवडाभर दोघं भांडली. शेवटी ठरलं, रविवारी एकच नवा गेम दोन्ही यंत्रांत घालायचा. ज्याचा आधी सुरू होईल तो फळीवर, दुसरा जुन्या सामानवाल्याकडे.

पंच म्हणून मालकाच्या आईला बसवलं.

“अरे, मला त्यातलं काय कळतंय?”

“घड्याळ कळतं ना, आई? मग झालं तर.”

पांढरीला आतल्या खोलीतला छोटा टीव्ही जोडला. आई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात मटाराची टोपली घेऊन बसली. दहा वाजता दोन्ही बटणं दाबली गेली. सूनबाई सरळ कपडे वाळत घालायला निघून गेली. मालक मात्र माझ्या छाताडावर!

“किती झालं रे? अजून एकोणीसच? चल, तोवर जुना एक सामना खेळून घेतो.”

झालं! आता एकीकडे मैदानात बावीस माणसं पळवू, की दुसरीकडे माल उतरवू? सामना अडखळला तर शिव्या मलाच, म्हणून उतरवणं हळू केलं. सदुसष्टवर पट्टी चिकटली. त्यानं मला थोपटलं, मग थापटलं, मग टीव्हीकडे जाणारी वायर काढून तिच्यावर फुंकर मारली. भिंगावर मारायची सवय, दुसरं काय!

तेवढ्यात कपडे वाळत घालून आलेल्या सूनबाईची आतून आरोळी आली, “झाला! माझा सुरू झाला!”

“अकराला दहा कमी,” आई म्हणाली.

मालकानं रुसून सामना बंद केला. माझे हात मोकळे झाले तसा मी सरसर शंभरावर पोचलो. तिकडे नव्या गेममधला सूनबाईचा शिपाई किल्ल्याच्या दरवाज्याशी उभा, आणि दरवाजा काही उघडेना. पडद्यावर अक्षरं आली, ‘थांबा, पुढचा भाग बसतो आहे.’ पांढरीची रीतच ती. पुढची खोली झाडायची, पाहुण्याला आत घ्यायचं, आणि मागे पसारा आवरत बसायचं.

“ही फसवणूक आहे! आत घरच नाही!” मालक म्हणाला.

“दार उघडलं म्हणजे सुरू. आई, तुम्हीच सांगा.”

आईनं टोपली खाली ठेवली. “पांढरीनं दार आधी उघडलं, काळ्यानं घर आधी लावलं. पण तू रे, काम करणाऱ्याच्या डोक्यावर नाचत होतास. सूनबाई काम होईतो तिकडे फिरकलीसुद्धा नाही. बोलल्याप्रमाणे फळी हिची.”

“आणि माझा ठोंब्या?”

“सामानवाल्याला कशाला? माझ्या खोलीत आण. त्या किल्ल्यात काय आहे ते मलाही बघू दे.”

तेव्हापासून छोट्या टीव्हीसकट मी आईकडे. ती डिस्क घालते, बटण दाबते आणि कुंड्यांना पाणी घालायला जाते, ती परत डोकावत नाही. पोट तेच, पंखा तोच, पण निम्म्या वेळात माझं काम उरकतं.

काल मालक दारात आला. “आई, तुझ्याकडे हा इतका लवकर कसा आवरतो गं?”

“मी त्याच्याकडे बघत नाही म्हणून.”

“मला खेळू दे ना थोडं.”

“थांब. माझा किल्ला जिंकून होऊ दे.”

तो स्टूल ओढून बसला. हात मांडीवर, अर्धा तास!

असाच त्या रविवारी बसला असतास ना, मालका, तर फळीवर आज मी असतो.