पाथर्डीचे दोन दिवस

न्हाव्याचा वस्तरा कल्याणच्या डाव्या कानापाशी पोचला होता, तेवढ्यात शेजारच्या पोत्यावर एक अनोळखी माणूस येऊन बसला आणि दुसऱ्या न्हाव्याला म्हणाला,

"सगळं काढा."

कल्याणला मान वळवता येईना. खाली घातलेल्या नजरेला त्या माणसाचे पाय तेवढे दिसले. टाचांना भेगा, सँडल कोरे करकरीत. भावकीतली सगळी माणसं मागे आपापल्या पाळीची वाट बघत उभी होती. हा त्यांच्यातला नव्हता.

"कोन रं ह्यो?" अजिनाथमामा कानाशी वाकले. हे आईचे धाकटे भाऊ. भाचा नगर शहरात, सावेडीत राहायला गेल्यापासून त्याला व्यवहारातलं काही कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. "केस काढायला बसलाय. लेकावानी."

"आईच्या दवाखान्यातला असेल कुणी."

"दवाखान्यातली मान्सं हार घालून जात्यात, कल्याण. केस न्हाई काढीत."

घाटावर मंडप घातला होता. त्याच्या तोंडाशी आईचा फ्लेक्स होता. फोटो गंगटोकचा, डोळ्यांवर गॉगल, मागे बर्फ. दशक्रियेला असला फोटो लावतात का, म्हणून दोन आत्यांनी सकाळीच नाकं मुरडली होती. पण नर्स असलेल्या आईचे, सत्यशीला सिस्टरचे, घरी बसलेले फोटो होतेच कुठे? चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने जिल्ह्याच्या अर्ध्या तालुक्यांतली आरोग्य उपकेंद्रं पालथी घातली, आणि निवृत्त झाल्यावर यात्रा कंपनीची पिशवी खांद्याला लावून काशी, रामेश्वर, दुबई. गेल्या डिसेंबरात अंथरुणाला खिळली तेव्हाच काय ती थांबली. तोवर कुठूनही परतली की त्या प्रवासाची कहाणी ती तासभर सांगायची.

फक्त एका प्रवासाची कधी सांगितली नाही. दर जानेवारीत दोन दिवस ती पाथर्डीला मैत्रिणीकडे जायची. गाडीने सोडतो म्हटलं तर नको म्हणायची आणि एसटीने निघायची. मैत्रिणीचं नाव कल्याणला आजवर कळलं नव्हतं.

पिंड ठेवून तो मागे सरकला. मंडपाच्या कडेला त्या माणसाने हात जोडले आणि त्याच क्षणी कावळा शिवला. बायका समाधानाने बोलू लागल्या, सिस्टरची काही इच्छा राहिली नव्हती म्हणून. मामांनी मात्र कल्याणला कोपराने ढोसलं.

"ह्यानं हात जोडले आन लगीच शिवला. बघितलंस का?"

कल्याणने बघितलं होतं. प्रवचनकार माइकवर मातृऋण समजावून सांगत होते आणि कल्याण मनातल्या मनात वर्षं मोजत होता. माणूस अठ्ठावीस-एकोणतीसचा दिसत होता. म्हणजे तो जन्मला तेव्हा कल्याण नऊ वर्षांचा. त्या काळात आई एका साखर कारखान्याजवळच्या उपकेंद्रात होती, अडीच वर्षं, एकटी. कल्याण पारनेरला, वडील आणि आत्याजवळ. महिन्यातून एका रविवारी आई यायची, कधी तेही नाही. सगळं नको तितकं जुळत होतं. आईबद्दल असं मोजताना त्याला स्वतःची लाज वाटली, तरी मोजणं थांबेना. आईचा सहवास त्याच्या वाट्याला फार आला नव्हता. पण ती आई आपल्या एकट्याची आहे, एवढं तरी त्याने धरून ठेवलं होतं. आता त्यातही वाटेकरी निघाला, तर मग त्याच्याकडे राहिलं काय?

पंगतीची तयारी सुरू झाली तेव्हा तो माणूस नळावर डोकं धूत होता. कल्याण त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्ही कोण?"

"वैजनाथ. पाथर्डीकडचा." त्याने उपरण्याने डोकं पुसलं. "तुमी कल्यानदादा. वळखतो मी."

"आई तुमच्याकडं यायची? जानेवारीत?"

"व्हय. माझ्या आईच्या तिथीला."

वैजनाथ कठड्यावर टेकला आणि जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलू लागला.

"आमची टोळी ऊस तोडायला कारखान्यावर हुती. पोलिओचा रविवार हुता. सकाळी सिस्टर आमच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात आल्या. माझ्या आईला, रंगुबाईला, कळा सुरू झाल्या हुत्या. त्यांनी तपासलं. म्हनल्या, अजून येळ हाय, दुपारपर्यंत येते. खांद्याला डोसांची पेटी हुती आन अजून तीन तळांवरची पोरं ऱ्हायली हुती. बर्फ इतळला तर सगळे डोस वाया गेले असते. म्हनून त्या फुडं गेल्या." त्याने उपरणं पिळलं. "त्या माघारी आल्या तवा मी झालो हुतो. आई न्हवती."

"यात तिची चूक काय?"

"मी कुठं म्हनतो चूक? त्या म्हनायच्या."

"मग हे केस?"

"माझ्या आईचं कुनीच काढलं न्हाई. मी दोन तासांचा, बाप पेलेला. मुकादमानं दुसऱ्या दिशी टोळी हालवली." त्याने डोक्यावरून हात फिरवला. "आज दोघींचं एकदमच काढलं."

मंडपातून भातवाढ्यांचा आवाज येऊ लागला. कल्याणला हायसं वाटायला हवं होतं. आई निर्मळ ठरली होती, वाटेकरी नव्हता. पण हायसं वाटलं नाही. वैजनाथ अजून काही धरून उभा आहे, असा संशय त्याला येत होता.

"अजून काय आहे?"

"काय न्हाई."

"सांगा."

वैजनाथने पायातल्या सँडलकडे बघितलं.

"दर साली इचारायच्या, वैजू, राग हाय का रं माझ्यावर? मी म्हनायचो, न्हाई ओ, जेवून घ्या. तरी फुडल्या साली पुन्यांदा तेच. एकदा मी कावलो. म्हनलं, सिस्टर, किती येळा सांगू? तवा म्हनल्या, तुला इचारता तरी येतं बाबा. घरी माझा ल्योक हाय. बारका हुता तवा सोडून हिंडले. त्याला इचारायचं धाडस हुत न्हाई."

कल्याणला राग होता. तो त्याने तीस वर्षं नीट घडी घालून ठेवला होता, आणि आईला तो दिसतच नाही असं धरून चालला होता.

मामा लगबगीने आले. वैजनाथकडे न बघताच त्यांनी कल्याणला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"काय म्हनतोय? काय मागतोय का?"

"तो काही मागत नाही, मामा." कल्याणने दंडावरचा त्यांचा हात सोडवला. "माफी मागायची आईला होती. माझ्याकडं."