मंजुरीविना भरलेली खांड

माझं नाव नम्रता. हे नाव ठेवताना आत्या चुकली असं सगळ्या पेणचं मत आहे, आणि ही गोष्ट ऐकल्यावर तुमचंही होईल. होऊ दे.

मी खाडीमाय सेवा मंडळात काम करते. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे, म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि शेजारून उडून येणारी मातीची धूळ. काम मात्र धरमतरच्या खाडीकाठच्या गावांत. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मध्ये आडवा फक्त मातीचा बांध. खेकडा बांधात बीळ करतो, उधाणाचं पाणी त्या बिळात शिरतं आणि बिळाची खांड होते, म्हणजे बांधच फुटतो. एकदा का खारं पाणी शेतात आलं, की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताचं नाव काढायचं नाही.

म्हणून पांढरखार गावात जोळ आहे. आजे-पणजोबांपासून चालत आलेली पद्धत. बांध कुणा एकाचा नाही. ज्याला बीळ दिसेल त्याने ओरडायचं, ज्याला ऐकू येईल त्याने घमेलं घेऊन पळायचं. शिवाय जोळीचं काम चालू असताना जो कुणी बांधावर पाय ठेवेल, त्याने एक घमेलं चिखल टाकल्याशिवाय खाली उतरायचं नाही. मग तो जावई असो नाहीतर तलाठी. एका साहेबाने एकदा पांढऱ्या बुटांनिशी टाकलं होतं, त्याची आठवण गाव अजून काढतं.

पण आता अर्धं गाव कंपनीत, कुणी धाटावला, कुणी पनवेलला. ओरडणार कुणाला? तेव्हा अमोल पुढे आला. पेणच्या स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि उधारीवर काम करायची त्याला वाईट खोड आहे. त्याने एक नकाशा सगळ्यांच्या फोनात घालून दिला. नकाशावर बोट ठेवायचं, फोटो टाकायचा, की गावातले सगळे फोन वाजतात. हे त्याने एकट्याने बनवलेलं नव्हतं. जगातल्या कुणाकुणाचं मिळून बनलेलं, ओपन सोर्स. वापरा, उघडून बघा, बदला, पुढच्याला द्या, कुणाला विचारायला नको. देवळात त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तासभर शंका निघतील. गावातला होडीवाला शिवा म्हणाला, "म्हंजे जोळच की!" आणि सगळी मंडळी चहाला उठली.

उघडून बदलता येतं म्हणून अमोलने इंग्रजी बटणं काढली आणि बीळ, पाझर, खांड अशी घातली. फोन कसा वाजावा यावर मात्र भांडण झालं. शेवटी गोदूबाईचा आवाज रेकॉर्ड केला. गोदूबाई म्हणजे शिवाची भावजय. नवरा गेल्यापासून बांधाला लागून असलेली खाचरं एकटीने लावते. तिचं वर्षाचं भात तेवढंच. म्हणूनच तिच्याएवढं पोटातून कुणी ओरडू शकत नाही. "खांड गेली रं! या रं, धावा रं!" एकदा निकेशच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाच्या खिशातून गोदूबाई ओरडली. वऱ्हाड बांधावर, भटजी एकटे मांडवात. बांध वाचला, मुहूर्त गेला, संसार उत्तम चाललाय.

एक अख्खा पावसाळा असा सुखात गेला. सुख म्हटलं की आमच्या मंडळाला नवा अध्यक्ष मिळतो.

दिनानाथ भाऊसाहेब रोह्याचे. धाटावच्या एका कंपनीतून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेले. इस्त्रीच्या सदऱ्याला पेन, पेनाला टोपण, टोपणाला साखळी. पहिल्याच मीटिंगला मला रोह्याला बोलावलं आणि नकाशा दाखवायला सांगितलं.

"याचे पैसे किती दिले?"

"काही नाही. फुकट आहे."

त्यांनी फोन असा लांब धरला, जणू मी खाली पडलेला उचलून दिलाय. "फुकट देणाऱ्याचा काहीतरी डाव असतो, नम्रताताई. याचा मालक कोण?"

"कुणी नाही."

"मग बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची?"

"आपणच दुरुस्त करायचं. अमोल करतो."

"अहो, म्हणजे कुणीही आत जाऊन बदलू शकतो?"

"त्यासाठीच तर आहे ते!"

मी हे अभिमानाने म्हटलं, आणि तिथेच माती खाल्ली. भाऊसाहेबांनी सगळ्या विश्वस्तांकडे बघितलं, विश्वस्तांनी बशीतल्या बिस्किटांकडे बघितलं, आणि ठराव झाला की हे धोकादायक आहे, बंद करा.

पुढच्या महिन्यात सुशील आला. हा भाऊसाहेबांच्या साडूंचा मुलगा, भर मे महिन्यात टाय लावून फिरणारा. त्याने 'जलरक्षक प्रो' आणलं. विकत घेतलेलं, त्यामुळे चांगलं. त्यात बीळ दिसलं की आधी लॉगिन करायचं, अर्ज भरायचा, मग तो छाननीला जाणार, मग अध्यक्षांकडे अंतिम मंजुरीला. आणि अर्ज एकेक पायरी पुढे सरकला की फोन गोड आवाजात 'टिंग' करणार.

"मंजुरी कशाची?" मी विचारलं. "बीळ पाडायची की बुजवायची?"

"शिस्त लागते, ताई," भाऊसाहेब म्हणाले.

अमोलने ते जलरक्षक नंतर दुकानात बसून निरखून बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. आतला नकाशा तोच होता. तोच फुकटचा! वर रंग मारून कुलूप घातलेलं, आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात मूळ बनवणाऱ्यांची नावं. अमोल हसत होता, माझ्या मात्र अंगाची लाही लाही होत होती.

खरी गंमत पुढेच आहे. मंडळाच्या ऐपतीत पाचच लॉगिन बसले. मग भाऊसाहेबांनी बांधाचे पाच तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर एक जबाबदार माणूस, आणि बांधावर त्याच्या नावाची लाकडी पाटी, हिरव्यावर पांढरी अक्षरं. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. गोदूबाईच्या शेतालगतचा तुकडा जितेशला मिळाला, कारण जितेश डिप्लोमावाला. तो धाटावला शिफ्टमध्ये काम करतो आणि तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो, हे मी सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, कंपनीची शिस्त असलेलाच माणूस पाहिजे.

मला वाटलं, गाव हसेल आणि सोडून देईल. पण पाटीवर नाव आलं ना, की माणसाचं डोकं फिरतं. चार दिवसांत पांढरखारमध्ये 'माझा बांध' आणि 'त्याचा बांध' सुरू झालं. ज्यांना लॉगिन मिळालं ते ताठ चालायला लागले, ज्यांना नाही मिळालं ते फुगून बसले. "आमाला काय इचारता? पाटीवाल्याला इचारा." आजे-पणजोबांची जोळ समुद्राला मोडता आली नाही, ती पाच लाकडी पाट्यांनी मोडली. मला तेव्हा खरंच रडू आलं, आणि मला रडू आलं की मी लोकांवर ओरडते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मग सर्वपित्री अमावास्या आली. भाद्रपदातलं मोठं उधाण, भरती ऐन दुपारची. भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. मी ऑफिसात होते आणि गोदूबाईचा फोन आला. फोनातली रेकॉर्ड केलेली नव्हे, खरी.

"नम्रता गो, माज्या शेताजवळ बीळ फुगलाय. पानी आत येतंय गो. जितेश फोन उचलत नाय."

"बाकीच्यांना हाक मार!"

"मारली ना. घराघरात पितरांचा चाललाय. म्हनतात, जितेशचा बांध हाय, त्यानं टाकला असंल अर्ज."

मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"ताई, मी कावळ्याची वाट बघतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "पान ठेवलंय गच्चीवर."

"बांध फुटतोय, भाऊसाहेब! गावाला सांगायची परवानगी द्या."

"सिस्टीममध्ये टाका."

"लॉगिन जितेशकडे आहे. जितेशचा फोन गेटवर आहे."

"मग शिफ्ट सुटू दे. एकासाठी नियम मोडला तर..."

"भरती शिफ्ट बघून येत नाही!" मी किंचाळले. शेजारच्या कारखान्यातला रंगारी हातात ब्रश घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"आला, आला, कावळा आला," भाऊसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अमोलला फोन केला. "ते जुनं आता काहीच उरलं नाही का रे?"

"उरलं नाही म्हणजे? मंडळाच्या कॉम्प्युटरवरचं बंद करा म्हणाले, ते केलं. माझ्या दुकानात चालूच आहे. ते काय भाऊसाहेबांच्या मालकीचं आहे थोडंच? आणि लोकांनी फोनातून कुठे काढलंय? लोक फोनातून कधी काही काढत नाहीत, ताई."

मी गोदूबाईला सांगितलं, जुन्या नकाशावर बोट ठेव. स्कूटीला किक मारली आणि सुटले.

गावात शिरले तेव्हा घराघरातून गोदूबाई ओरडत होती. देवघरातून, पडवीतून, चुलीजवळून, झोपाळ्यावर विसरलेल्या फोनातून. "खांड गेली रं! या रं, धावा रं!" पाटीवर कुणाचं नाव आहे हे त्या आवाजाला माहीत नव्हतं. माणसं हातातलं टाकून निघाली. गोदूबाईची शेजारीण पुतळी वड्याचं पीठ माखलेल्या हातांनीच धावत होती. पलीकडच्या घरातला जनू श्राद्धाला बसला होता, तो सोवळ्यातच पळत होता, आणि त्याचे भटजी मागून घमेलं घेऊन.

बांधावर गोदूबाई कमरेएवढ्या पाण्यात होती. भगदाडाला पाठ लावून उभी. चिखल टाकला की वाहून जात होता, आड काहीतरी हवं होतं. तेवढ्यात शिवा तिथे पोचला. त्याच्या खिशात अजून त्याची भावजय ओरडतच होती.

"वहिनी," तो म्हणाला. "सकाळी होडी बांधताना बघितला मी हा बीळ. पन पाटीवर माजा नाव नव्हता..."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं. शिवाने जितेशच्या नावाची पाटी गदागदा हलवून उपटली आणि भगदाडात आडवी घातली. मग कुणी सांगायची गरज राहिली नाही. बांधावर पळापळ झाली आणि पाचही पाट्या आल्या. नावं खाडीकडे, पाठी शेताकडे, आणि मध्ये चिखल. मीसुद्धा टाकला. साडी गेली कामातून, जाऊ दे.

पाणी थांबलं. पण बांधाला लागून असलेलं गोदूबाईचं एक खाचर गेलं. भात अजून हिरवंगार उभं होतं, आणि ते मेलंय हे सगळ्यांना दिसत होतं. "एक गेला, बाकीची तरी ऱ्हायली," ती म्हणाली आणि चिखलातच बसली. पुतळी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पिठाची बोटं तिच्या पदरावर उमटत राहिली.

आता शिस्तीची कमाल बघा. जितेशची शिफ्ट सुटली. बिचाऱ्याने गेटवर फोन घेतला, आमचे मिस्ड कॉल बघितले आणि भरलेल्या खांडीचा रीतसर अर्ज टाकला. तो छाननीतून पास झाला. आणि रविवारी भाऊसाहेब सुशीलला घेऊन स्थळपाहणीला आले, कारण खांडीचा फोटो जोडल्याशिवाय सिस्टीम मंजुरी घेत नाही.

नवी माती दबते, म्हणून गाव वरून भर घालत होतं. जोळ चालू होती. भाऊसाहेब कडक सदऱ्यात बांधावर चढले.

"खांड कुठे आहे?"

"भरली," मी म्हटलं.

"मंजुरीशिवाय?"

लोकांची घमेली चालूच होती. सुशील फोन हातात धरून फोटो काढायला भोक शोधत होता.

"आणि पाट्या? पाच पाट्या होत्या इथे."

"त्या आत हायत," गोदूबाई म्हणाली. "लय कामाला आल्या. भाऊ, खांडच पायजे तर उकरून देऊ? पन या बाजूला माजाच शेत हाय, त्या बाजूला पानी अडवायला तुमी उबं ऱ्हाल काय?"

भाऊसाहेबांनी तिच्या शेताकडे बघितलं. ते मेलेलं खाचर आता पिवळं पडत चाललं होतं. त्यांनी बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. मग ते खाली उतरायला वळले.

गोदूबाई आडवी आली. तिच्या हातात चिखलाने भरलेलं घमेलं होतं. "बांधावर पाय ठेवला ना, भाऊ?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं. सुशील तर शहाणा, कधीच उतरून गाडीत जाऊन बसला होता. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी घमेलं धरलं आणि डोक्यावर घेतलं. चिखलाचं पाणी साखळीवरून पेनात उतरलं. ते पहिलं पाऊल टाकतात न टाकतात, तोच खिशातला फोन म्हणाला, "टिंग."

"मंजुरीचं असेल," ते घाईने म्हणाले. "एक मिनिट, हे जरा कुणीतरी धरा."

"वाजू द्या, भाऊ," गोदूबाई म्हणाली. "आदी घमेला."