उसनं यीस्ट

प्रसादला शहाणपण फार. आखातात, अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनच्या मागे, त्यानं द्राक्षाच्या रसाचा कॅन दडवला होता. घरची वाइन करायची हौस. कायद्याची परवानगी नाही, बायकोची तर मुळीच नाही. पण हौसेला मोल नसतं. यीस्ट मात्र तारीख उलटून गेलेलं, कपाटात पडून राहिलेलं. "कोरड्या यीस्टला काय होतंय?" म्हणत त्यानं त्यातलं थोडं तसंच रसात टाकलं. रस ढिम्म. एक बुडबुडा येईल तर शपथ.

उन्हात दुकानापर्यंत कोण जाणार? त्यानं समोरच्या शकीलाभाभींचं दार वाजवलं. भाभी मूळच्या खेडच्या, आणि त्यांच्या हातच्या पावांचं अख्ख्या बिल्डिंगला कौतुक. "घरी पाव करून बघतोय," असं त्यानं ठोकून दिलं. भाभींना कोण आनंद! वाटीभर यीस्ट दिलं, वर पीठ कसं मळायचं तेही सांगितलं. ते यीस्ट पडलं आणि रस फसफसायला लागला.

"त्या माउलीची वाटी रिकामी परत देऊ नकोस," त्याची बायको उत्तरा म्हणाली. कॅनबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. त्या विषयावर तिनं अबोला धरला होता, इतकंच.

प्रसादनं उरलेलं जुनं यीस्ट वाटीत भरलं. वाइनला नाही चाललं तरी पावाला चालून जाईल, अशी स्वतःची समजूत घातली. भाभींनी ते न बघताच डब्यात ओतलं.

रमजान लागला. भाभींच्या लेकीचं, अल्फियाचं, लग्न ठरलं होतं. तिच्या होणाऱ्या सासरची माणसं इफ्तारला आली. प्रसाद-उत्तरालाही दरवर्षीसारखं बोलावणं होतं. खजूर झाले, सरबत झालं, खिमा आला आणि पाठोपाठ पाव. चपटे, दगडासारखे.

अल्फियाच्या सासूबाई, रुबिनाबी, यांनी एक पाव बोटानं दाबून पाहिला. "असू दे, आम्ही हल्ली बाहेरूनच आणतो." या पावांची फर्माईश त्यांनीच केली होती. अल्फियानं मान खाली घातली.

"सकाळपासून पीठ ठेवलंय, फुगलंच नाही," भाभी म्हणाल्या. मग एकदम वळल्या. "प्रसादभाऊ, तुम्ही यीस्ट परत दिलंत ना, त्याचे तुमच्याकडे पाव फुगले?"

प्रसादचे कान तापले. यीस्ट जुनं होतं, एवढं सांगितलं असतं तरी भाभी सुटल्या असत्या. पण मग त्यांचं चांगलं यीस्ट कुठे गेलं? रोजा सोडायला बसलेल्या माणसांसमोर ते सांगायचं कसं? उत्तरा त्याच्याकडेच बघत होती.

"फुगले भाभी. छान फुगले."

उत्तरानं नजर काढून घेतली.

"मग यीस्टचा दोष नाही," भाभी रुबिनाबींना म्हणाल्या, माफी मागावी तशा. "माझाच हात बिघडला. वय झालं आता."

प्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं पाव उचलला आणि खिम्यात बुडवून चावत राहिला. मग म्हणाला, "अजून एक द्या."

भाभींचे डोळे भरून आले.

"किती सांभाळून घेता हो भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यातल्या त्यात बरे दोन पाव निवडून त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात वाढले.