संडासात काढलेलं दूध

मित्रांनो, मी हाताने दाबायचा एक जुना दूधपंप आहे. आईचं दूध काढून बाटलीत भरायचं, हे माझं काम. आयर्लंडमधल्या किलीबेग्ज बंदरात एका बाईने मला विकत घेतलं. तिची मुलं मोठी झाल्यावर मी तिच्या धाकट्या बहिणीकडे, ओर्लाकडे आलो.

ओर्ला मासळीच्या कारखान्यात खोक्यांत बांगडे भरायची. तिचा कॉनल अजून अंगावर पीत होता, तेवढ्यात रजा संपली. पहिल्याच दिवशी तिने मुकादमाला, डर्मटला विचारलं, "दूध काढायला एखादी खोली मिळेल का?"

"संडासाला कडी आहे की!" तो हसत म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही संडासात बसून डबा खाल का? कॉनलचं जेवण मात्र तिथेच तयार होऊ लागलं. बाहेरून दारावर थापा पडायच्या. ओर्ला मला घाईघाईने दाबायची, आणि घाईत काही दूध उतरत नाही. छातीत गाठी धरल्या, ताप भरला. तशीच ती बर्फात हात घालून काम करायची.

एकदा जेवणघराच्या फ्रिजमधली तिची बाटली रिकामी सापडली. डर्मटने दूध मोरीत ओतलं होतं.

"तिथे लोकांचं जेवण असतं. किळस येते."

"किळस? तू काय पिऊन वाढलास रे मेल्या?" ओर्लाशेजारी काम करणारी म्हातारी ब्रीज कडाडली.

मला उचलून ओर्ला थेट डर्मटच्या केबिनमध्ये गेली, त्याच्या खुर्चीत बसली आणि आतून कडी लावली.

"अगं, मला फोन करायचेत!"

"संडासात बसून कर!" आतून उत्तर आलं.

बायकांनी कामं टाकली आणि दारापुढे उभ्या राहिल्या. पुढच्याच आठवड्यात झाडूफडक्यांची खोली रिकामी झाली. खुर्ची आली, फ्रिज आला.

पण तोवर ओर्लाचं दूध आटलं होतं. कॉनल छातीशी झटायचा, रडायचा. शेवटी तो डब्याच्या दुधावर गेला.

"मीच कमी पडले गं," ओर्ला ब्रीजला म्हणाली. ते आठवलं की अजून माझा संताप होतो. ती कुठे कमी पडली होती?

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल. तान्ह्या बाळाची आई कामावर परतली, तर तिने तोंड उघडायच्या आत तिला खोली द्या. आणि "दूध का आटलं?" असं कुठल्याही आईला विचारू नका. विचारायचंच असेल, तर तिच्या साहेबाला विचारा.