फणसाच्या पाटावरचे वाळवंट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचा, खालून दोन आडव्या पट्ट्या मारलेला. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात, बळीराम यांच्या स्वयंपाकघरात माझे आयुष्य गेले. ज्या फणसाचा मी झालो, तो त्यांच्याच वाडीत वाऱ्याने पडला होता.

आधी बळीराम यांचे वडील माझ्यावर बसून जेवले, मग बळीराम, आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा प्रितेश. इतक्या बसण्याने माझ्या मधोमध एक उथळ खळगा पडला. पाहुणे म्हणत, "असा पाट आता मिळायचा नाही." मला ते ऐकायला फार आवडे.

मग प्रितेशला नोकरी लागली, तीही जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटातल्या सौरऊर्जा प्रकल्पात. बळीराम म्हणाले, "घरची शेती सोडून वाळू खायला चाललाय." त्या दिवसापासून ते मुलाशी बोलेनासे झाले. त्याचा फोन आला की उठून वाडीत जात. मला मात्र त्यांनी आपल्या पाटाशेजारी भिंतीला टेकवून ठेवले. माझ्यावर कोणाला बसू देत नसत. मी नुसता उभा. वाळवी लागेल की मी आधी चुलीत जाईन, याचीच मला काळजी.

प्रितेशची बायको रचना शाळेत शिकवते, म्हणून ती गावीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती त्याच्याकडे जाऊन आली आणि आल्यावर चर्चमागे राहणाऱ्या ॲंजेला मिसकडे काष्ठठसे शिकायला जाऊ लागली. लाकूड कोरायचे, उरलेल्या उंच भागावर शाई फिरवायची आणि कागदावर चित्र उमटवायचे, असे ते काम. तिला हे का शिकायचे होते, ते तिने मिसना सांगितले होते. "मुलगा कुठे राहतो ते बाबांना दाखवायचंय. फोनमधले फोटो ते बघतच नाहीत."

तिने पहिले चित्र प्लायवुडवर कोरले. त्याच्या ढलप्याच निघाल्या. मिस म्हणाल्या, "जुनं, मुरलेलं लाकूड आण." त्या संध्याकाळी रचनाची नजर माझ्यावर पडली. तिने बळीराम यांना विचारले नाही. चित्र तयार झाल्यावर एकदम दाखवू, असे तिने ठरवले. जुन्या साडीत गुंडाळून तिने मला बाहेर नेले आणि माझा जीव टांगणीला लागला.

"हा तर जेवायचा पाट!" मिस हसल्या. "घरचे जेवायला कुठे बसणार, माझ्या डोक्यावर? बरं, काय काढणार? उंट नको हां, बाय. सगळे आधी उंटच काढतात."

"मग काय काढू? तिथे दुसरं काहीच नाही. नुसती वाळू."

"मग ते काहीच नाही, तेच काढ."

रचना हळूहळू सांगू लागली, की तिथे रात्रभर वारा वाहतो आणि सकाळी दारापर्यंत वाळूवर रेषाच रेषा उमटलेल्या असतात. प्रितेश पायरी झाडतो, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. मिसनी माझ्यावर पालथा हात फिरवला. "याच्या शिरा बघ. अर्धं वाळवंट यात आधीच आहे."

तारेच्या ब्रशने मला घासले तसे मऊ लाकूड झडले आणि शिरा वर आल्या. मग कोरणी फिरू लागली. मित्रांनो, लाकडाचा कापलेला तुकडा परत चिकटत नाही. रचनाची कोरणी घसरे आणि प्रत्येक वेळी मला वाटे, आता मी धड पाटही राहणार नाही, धड ठसाही होणार नाही.

घरी बळीराम रोज विचारत, हे रचना मिसना सांगताना मी ऐकले: "पाट कुठं गेला गं?"

"उन्हात ठेवलाय, बाबा. वाळवी लागली असती."

"इतके दिस ऊन?" असे म्हणून ते माझ्या रिकाम्या जागेकडे पाहत.

अखेर माझ्यावर शाई फिरली. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलला. वाळूच्या रेषा उमटल्या होत्या, पण बरोबर मध्ये पांढरे भगदाड! खळग्यापर्यंत शाई पोहोचलीच नव्हती.

"इथे कोण बसायचं?" मिसनी विचारले.

"तीन पिढ्या. शेवटी प्रितेश."

"रंधा मारून सपाट कर आणि पुन्हा कोर. नाहीतर हे असंच येणार."

रचना मला घरी घेऊन आली. भर दुपारी ओटीवर तिने मला ठेवले आणि रंधा माझ्या कडेला टेकवला. पण तिचा हात पुढे सरकेना. तेवढ्यात बळीराम वाडीतून परतले.

त्यांनी रंधा पाहिला. शाईने काळा झालेला मी पाहिला. मला वाटले, संपले सारे.

"बाबा, मी विचारायला हवं होतं," रचना कशीबशी म्हणाली. "हे तो राहतो तिथलं आहे. तिथली वाळू."

ते खाली बसले. डोळ्यांना बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर बोटे टेकवली आणि एकेक रेषा चाचपत गेले.

"ही तर कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीला उरते तशी वाळू," ते पुटपुटले. "पानी गेलं, लाटा ऱ्हायल्या." मग बोटे खळग्यात उतरली आणि तिथेच थांबली. "इथं रंधा मारनार व्हतीस?"

"चित्रात भोक दिसतंय, बाबा."

"दिसू दे. हाय ते हाय." त्यांनी रंधा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्याला फोन लाव."

रचनाने लावला आणि बाबा बोलणार आहेत असे सांगून त्यांच्या हातात दिला. पलीकडून प्रितेशचा आवाज आला, "हॅलो... बाबा?"

बळीराम यांनी फोन कानाशी घट्ट धरला. "तिथं जेवताना बसतोस कशावर?"

मित्रांनो, मी पुन्हा त्याच भिंतीला टेकून उभा आहे. चित्र वर टांगले आहे, मधल्या भगदाडासकट. प्रितेश येईल म्हणतात. आला तर शाई लागलेल्या माझ्यावर बसेल का, ही नवी काळजी मला आहेच. तुमच्या घरात असे जुने लाकूड असेल, तर खुशाल कोरा, रंगवा. पण ते कोणाचे, हे आधी विचारा. आणि ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगते. कोरडे फडके घ्या. मधल्या खळग्यात धूळ लवकर साचते, तेवढी मात्र रोज पुसा.