प्रसेनजितचा ठराव

सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता भागिरथा शाळेजवळच्या खांबाखाली भर रस्त्यात पोतं अंथरून बसली ती काही केल्या उठेचना. मांडीवर पोराचा फोटो, बाजूला लेक धम्मदीपा, आणि लेकीच्या हातात अर्जाची झेरॉक्स. दहा वाजता पाहुण्यांच्या गाड्या याच रस्त्यानं येणार होत्या. मैदानात शहीद करणच्या स्मारकावर कापड घालून ठेवलेलं, खुर्च्या मांडलेल्या, हार येऊन पडलेले. आणि गावात शिरायला दुसरा रस्ता नाही.

तिला काय पाहिजे होतं ते गावाला चांगलं ठाऊक होतं. वर्षभर ती एकच गोष्ट मागत होती. आपला प्रसेनजित कसा मेला ते ग्रामसभेच्या बुकात खरं लिहा. बस्स. पैसा नको, पुतळा नको. पण खरं लिहायचं म्हटलं की या गावाच्या हाताला कसा लकवा मारतो, ते तिनं तीनदा पाहिलं होतं.

झालं होतं असं. मागच्या जानेवारीत करणची फौजी गाडी बर्फाच्या घाटात दरीत कोसळली. गोविंदसिंगचा थोरला पोरगा तो, सव्वीस वर्षांचा. त्याची पेटी येणार म्हणून अख्खा तालुका गावात लोटला. कारंज्यापासून धनजपर्यंतची माणसं आली, शाळा आल्या, पोलीस आले. फुलांनी सजवलेला ट्रक उंच, त्यावर झेंडा, आणि शाळेजवळ रस्त्यावरची तार खाली लोंबलेली. झेंडा तारेला लागला तर? सरपंच रामरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी प्रसेनजितला फोन लावला.

प्रसेनजित गावचा झिरो वायरमन. म्हणजे खरा वायरमन कारंज्यात राहतो, आठवड्यातून एकदा तोंड दाखवतो, आणि खांबावर चढतो हा. ह्याचं नाव ना हजेरीला, ना पगाराला. तार तुटली, फ्यूज उडाला की गाव त्याला हाक मारी. काम झालं की कुणी चहा पाजी, कुणी उद्या ये म्हणे. पोरगा मात्र हुशार आणि सावध. खांबावर चढायच्या आधी तो लाईन बंद करायला डीपीचा खटका खाली करी आणि खटक्याला आपला निळा दुपट्टा बांधी. एरवी लाईन गेली की जो आधी पोचेल तो खटका वर करणार, ही आमच्याकडची वाईट खोड. पण दुपट्टा दिसला की शेंबडं पोरगंही डीपीला बोट लावत नसे. प्रसेनजित वर आहे, एवढं त्यावरून सगळ्यांना कळे.

त्या दिवशी तो चढला. तार ओढून दोरीचे दोन फास टाकले. तेवढ्यात मैदानातला माईक चालेना म्हणून कुणीतरी खटका वर केला, आणि भागिरथाचा पोरगा खांबावरच गेला.

खाली उतरवलं तोवर ट्रक धनजच्या फाट्याला आला होता. रामराव भागिरथाच्या पाया पडले. गावात तिरंग्यातलं मढं येऊन राह्यलं, आज बोंब करू नको, मी हाय ना, असं म्हणाले. विनापरवाना पोरगा खांबावर चढवला म्हटलं तर पोलीस केस होणार, हे त्यांनी सांगितलं नाही. घरी पाण्याच्या मोटरची पिन लावताना शॉक लागला, असा कागद तयार झाला. भागिरथाचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. तिनं अंगठ्याएवढी वेडीवाकडी सही केली. आयुष्यात एवढी मोठी चूक तिनं केली नव्हती, आणि त्या सहीवर ती वर्षभर रोज थुंकली.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. करणसाठी नाही पेटली. बंदुकांच्या फैरी झडल्या, म्हाताऱ्या बायका छाती पिटून रडल्या, आणि रडायलाच पाहिजे होतं, पोरगा सोन्यासारखा होता. प्रसेनजित दुसऱ्या दिवशी कारंज्याहून चिरफाड होऊन आला. रस्त्यात मंडपाचे बांबू पडलेले, म्हणून त्याला नाल्याकडून नेला. मोजून तीस माणसं. गावात तोवर भाकरी थापायला सुरुवात झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर ते गाव कसलं. कागदावर एक खोटं, पारावर दुसरं. पोट्टा निष्काळजी होता, दुपट्टा बांधलाच नव्हता, असं लोक आपसात म्हणू लागले. हे ज्या दिवशी भागिरथाच्या कानावर आलं, त्या दिवशी तिनं कापूस वेचायचं सोडून धम्मदीपाला अर्ज लिहायला बसवलं. पोरगी कारंज्याला शिकते, तिचं अक्षर छापल्यासारखं. एक मेच्या सभेत कोरम भरला नाही. पंधरा ऑगस्टला भरला, तर सचिव म्हणाला, सूचक तुम्ही, अनुमोदक कोण? ठराव मांडणाऱ्याच्या मागं हो म्हणणारा एक माणूस लागतो. शंभर माणसांत एकाचा हात वर झाला नाही. तिच्या स्वतःच्या वस्तीतल्यांनीही मान खाली घातली, कारण रामरावांच्या सहीशिवाय कुणाचं काय हलतं? दोन ऑक्टोबरलाही तेच. म्हणून आज ती रस्त्यात बसली होती.

रामराव आले. आधी हसून बोलले, मग घरकुलाच्या यादीत नाव टाकतो म्हणाले, मग पोलीस बोलवीन म्हणाले. भागिरथानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोलवा म्हणाली, मले उचलून नेलं तरी माही पोरगी बसंल. शेवटी रामरावांनी हात वर केले आणि गोविंदसिंगला बोलावून आणलं.

गोविंदसिंग म्हणजे सहा फूट माणूस, पण वर्षभरात वाकला होता. पांढरा फेटा बांधून, छातीला पोराचा बिल्ला लावून आला. त्याच्या मागं धाकटा राजपाल, भरतीसाठी रोज पहाटे पळणारा. गोविंदसिंग थेट भागिरथापुढं येऊन उभा राहिला.

"बाई, आजचा दिवस माह्या पोराचा हाय. देशासाठी गेला तो. खांबावर मरणं अन् फौजेत मरणं एकच हाय काय?"

"नसंल एक," भागिरथा म्हणाली. "मी कुठी म्हणून राह्यली एक हाय म्हणून? पण भाऊ, तुमच्या पोराच्या मरणातला एक शब्द खोटा नाई. माह्या पोराच्या मरणातला एक शब्द खरा नाई. मले तेवढंच पायजे."

मोटरची पिन लावताना गेला ना तो, असं गोविंदसिंगनं विचारलं. त्याला खरोखर तेवढंच माहीत होतं, वर्षभर तो ना पारावर बसला होता ना सभेला गेला होता. ज्याच्या घरी पेटी आली त्याच्या कानात त्या दिवशी दुसरं कोण काय घालणार?

"वर पाहा," भागिरथा म्हणाली. "तुमच्या ट्रकवरचा झेंडा या तारेले काहून नाई अटकला? कोणं वर बांधली ही तार?"

गोविंदसिंगनं वर पाहिलं. त्या दिवशी तो पेटीवर डोकं टेकून बसला होता, त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. तार अजून पिवळ्या दोरीनं वर ओढलेली होती. दोन फास पक्के, तिसरा अर्धवट लोंबत होता.

मग रामरावांनी तोंड उघडलं. चढला असंल बाप्पा, पण दुपट्टा बांधला नव्हता, आपल्याच चुकीनं गेला, आता कशाला उकरता, असं काहीसं ते बोलू लागले. आणि मागून राजपाल पुढं आला.

"खटका म्या वर केलता, बाबा."

राजपालनंच पुढं सांगितलं. माईक चालेना म्हणून तो वळणापलीकडच्या डीपीकडं पळाला, तिथून हा खांब दिसत नाही. खटक्यावर काही नव्हतं, त्यानं दोनदा पाहिलं. संध्याकाळी कचऱ्याच्या ट्रॉलीत, हारांच्या टाकलेल्या दोऱ्यांखाली त्याला निळा दुपट्टा दिसला. रस्ता झाडायला लावलेल्या माणसांनी सांगितलं, रामराव काकांनी काढायला लावला. प्रसेनजित उतरला असंल, पाहुण्यांसमोर फडकं बरं दिसत नाही म्हणून. राजपाल तेव्हाच सांगायला निघाला होता, पण काका म्हणाले, पोलिसात तुझंच नाव जाईल, भरती बोंबलेल, तुझ्या बापाला आता दुसरा धक्का देतोस काय?

भागिरथाला वाटलं होतं, खटका वर करणारा सापडला की त्याचा गळा धरू. वर्षभर तिनं मनात तो गळा धरला होता. पण आता तिला दुसरंच काही विचारायचं होतं, आणि ते तिनं दोनदा विचारलं.

"बांधला व्हता ना त्यानं?"

"बांधला व्हता, मावशी."

तेव्हा ती रडली. पोरगा गेल्यावर एवढी मोकळी ती एकदाही रडली नव्हती. धम्मदीपानं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं अर्ज पुढं केला.

फाट्याकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. रामराव घाईघाईनं म्हणाले, आधी कार्यक्रम उरकू, सभा नंतर घेऊ, शब्द देतो.

"आताच घ्या," गोविंदसिंग म्हणाला. "कोरम मोजा."

मोजायची गरजच नव्हती, दीडशे माणूस उभं होतं. सचिवानं बुक आणलं, आणि शाळेतलं एक टेबल रस्त्यात आलं. पहिली गाडी येऊन थांबली, मागं दुसरी, तिसरी. सूचक भागिरथा, असं सचिवानं लिहिलं. अनुमोदक कोण, म्हणून विचारलं आणि नेहमीसारखा पेन वर धरून थांबला.

गोविंदसिंगनं राजपालकडं पाहिलं. एक पोरगा गेलेला, दुसऱ्याचं नाव आता बुकात जाणार. त्या एका क्षणात त्या बापाच्या जिवाचं काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक. राजपालनं मान हलवली.

"लिहा, अनुमोदक गोविंदसिंग," बाप म्हणाला. "अन् जसं झालं तसं लिहा. दुपट्टा कोणं काढला, खटका कोणं वर केला, सगळं. माह्या मनात माह्या पोराचं मरण मोठंच हाय, ते कोणी लहान करू शकत नाई. पण खोट्यावर उभं राहून मले त्याच्या दगडाले हार घालता येणार नाई."

गर्दीतून कुणीतरी शहाणा ओरडला की मग प्रसेनजितच्या नावापुढंही शहीद लिहा, हरकत नाही. गाव असंच असतं, आधी मूठभर देत नाही आणि मग पोतं उपडं करतं.

"शहीद नका लिहू," भागिरथा म्हणाली. "तो मरायले नव्हता चढला. तार उचलाले चढला व्हता. तेच लिहा."

सचिवानं लिहिलं. तिनं मोठ्यानं वाचायला लावलं, तर त्यानं वाचलं. प्रसेनजित यानं गावाच्या सांगण्यावरून, खटका खाली करून, त्यावर दुपट्टा बांधून, शहीद करण यांचा ट्रक जावा म्हणून तार वर बांधत असताना, पुढचं सगळं, दोन्ही नावांसकट. भागिरथानं सही केली. यावेळी एकेक अक्षर धीरानं काढलं. तिच्या खाली गोविंदसिंगनं केली, आणि पेन ठेवताना तो तिच्याकडं न बघता बोलला.

"माहा करणबी मरायले नव्हता गेला, बाई. सुट्टी मंजूर झालती त्याची. घरी याले निघाला व्हता."

भागिरथानं पोतं उचललं आणि गाड्यांना जाऊ द्या म्हणाली.